शेवरगावला किती रॅम लागेल

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही अडतीस टक्क्यांवर काम थांबलं. आधी माउसचा बाण थिजला, मग पडद्यावर तोच चौकोन आला: मेमरी अपुरी आहे. तिसऱ्यांदा. सहाशे बारा फोटो मशीनच्या पोटात मावत नाहीत.

ही वही स्टुडिओच्या ऑर्डरी लिहायला आणली होती. पहिल्या दोन पानांवर त्याच आहेत. पुढे हे लिहितोय, कारण कुणाला सांगितलं तर हसतील. पारनेरात माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम करतो, आणि सध्या पाण्यात बुडालेलं एक गाव बाहेर काढायच्या मागे लागलोय.

शेवरगाव अब्बांचं. धरण झालं तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, हातात थापी आलेले गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांनी आणि माझ्या आजोबांनी बांधलेली. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की गाव उघडं पडलं. लग्नात माझ्याबरोबर ड्रोन उडवणारा गोरक्ष आणि मी एक अख्खी सकाळ तिथे होतो. एवढ्या फोटोंवरून कॉम्प्युटर गावाचं मॉडेल करतो. चारी बाजूंनी फिरता येतं, गल्लीत शिरता येतं. पण तेव्हा लगीनसराई होती, डिस्क कपाटात पडली ती पडली. यंदा पाऊस चांगला झाला, गाव पुन्हा खाली गेलं.

सप्टेंबरात नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अब्बांना काचबिंदू आहे आणि खूप पुढे गेलाय. नजर कडेकडेनं आत मिटत येते, नळीतून बघावं तशी. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी थोडी लांबवता येते. त्या दिवशी घरी आल्याआल्या मी कपाट उघडलं.

अब्बा शेवटचं काही नीट बघणार असतील, तर ते शेवरगाव असावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे स्वप्न पडलं. शेवरगावच्या गल्लीतून चालतोय आणि डोक्यावर पाणी आहे, हिरवं, उन्हानं आतून उजळलेलं. श्वास घ्यायला काही अडचण नाही. एका दारातून मासे बाहेर येतात, शाळा सुटल्यासारखे. अब्बा परांचीवर उभे राहून भिंतीला गिलावा करताहेत आणि चुना पाण्यात विरघळत नाही. मी हाक मारली तर माझ्या तोंडातून आवाजाऐवजी बुडबुडे निघाले, आणि त्यांनी एकेक बुडबुडा थापीवर झेलला.

सकाळी अब्बांना सांगितलं. घरात आमची बोली मिसळलेली आहे, पण शेवरगावचा विषय निघाला की अब्बा मराठीतच बोलतात, तीही तिकडची.

"चुना कशाला इरघळंल? त्यो पानी पिऊनच घट्ट हुतो, येड्या."

त्यांनी पेपर वाचणं सोडलंय. म्हणतात, बातम्यांत काही राम राहिला नाही. बरोबर आहे, मीही वाचत नाही.

शरिफा मात्र सकाळीच माझ्यावर चिडली. मी स्टूल मोरीजवळून उचलून खिडकीपाशी ठेवलं होतं, एवढंच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ती इतकी टापटिपीची कधी नव्हती. हल्ली घरातली एकही वस्तू जागची हलू देत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अब्बांना घेऊन एसटीनं नगरला. तपासणी चालू असतानाच राहात्याच्या पार्टीचा फोन आला, त्यांचा अल्बम रखडलाय. मी बाहेर जाऊन बोललो. आत आलो तर डॉक्टर अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून बसलेले. माझ्याकडे बघून काही म्हणणार होते, तेवढ्यात अब्बा उठलेच.

"हाय तसंच हाय. थेंब चालू ठिवायचं. चल."

मला हायसं वाटलं. म्हणजे अजून वेळ आहे.

तिथून पंकजाताईंच्या दुकानात. माझं मशीन त्यांनीच जुळवून दिलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सरळ विचारलं, "आत्ता आत किती आहे?"

"आठ जीबी. एकच पट्टी. दुसरा स्लॉट रिकामा."

"आणि काढायचंय काय?"

"गाव."

त्या हसल्या नाहीत. सहाशे बारा फोटो म्हटल्यावर म्हणाल्या, "बत्तीसशिवाय भागणार नाही, परवेझभाई. सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या घ्या, जुळ्या, एकाच डब्यातल्या. दोन स्लॉटमध्ये दोन सारख्या बसल्या की मशीनला दोन रस्ते मिळतात. एकच पट्टी म्हणजे एकच रस्ता, मग ती कितीही मोठी असू दे."

मी विचारलं, "जुनी आठची ठेवून शेजारी एक सोळाची लावली तर? चोवीस होतात."

"होतात. पण जुनी हळू चालीची आहे. नवीला तिच्या चालीनं चालावं लागेल. कधी जमतं, कधी नाही. मी खात्री देणार नाही."

सध्या रॅमचे भाव असे चढलेत की त्यांनी डबा दाखवतानाही काउंटरच्या आतच धरला होता. अब्बा स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "दोन गडी सारख्या उंचीचं असलं की घमेलं हातोहात जातं. एक उच्चा, एक बुटका, की माल सांडतो."

पंकजाताई म्हणाल्या, "बाबांना कळलं बघा."

तरी मी एकच सोळाची घेतली. चांगली चालती पट्टी काढून टाकणं माझ्या जिवावर येतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा अब्बांना दिली. सुप्याच्या अलीकडे म्हणाले, "पवनचक्क्या फिरत्यात का रं?"

"दोन फिरताहेत. बाकीच्या थांबल्यात."

"आन् ज्वारी?"

"पोटऱ्यात आलीय."

लहानपणी एसटीत मी त्यांना असंच सगळं सांगत बसायचो. आज त्यांना पुन्हा तशी हौस आली होती. पारनेर येईपर्यंत बोलत होतो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, फार सुखानं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एकाहत्तर टक्के! नऊ तास चाललं. सकाळी उठून बघतो तर निळा पडदा, मशीन मधेच बंद पडलेलं.

दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबरनं त्यांचे पिवळे दात घासले, फुंकर मारून पुन्हा बसवल्या. चव्वेचाळीसवर निळा पडदा. नवी एकटी लावली तर मशीन सुरळीत चालतं, पण सोळात गाव मावत नाही. जुनी एकटी लावली तर तीही शहाण्यासारखी चालते. दोघी शेजारी आल्या की कुठेतरी पावलं चुकतात.

राहात्याहून पुन्हा फोन. खोटं बोललो, म्हटलं प्रिंटला गेलाय. असं मी करत नाही कधी. पण अल्बममधले नवरा-नवरी पुढच्या महिन्यातही तसेच हसत असतील. अब्बांच्या नळीचं तोंड रोज बारीक होतंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पंकजाताईंनी दयेनं सांगितलं, सोळाची परत आणा, बदलून देते. मग त्यांनीच दुसरा घोळ घातला. "एक बत्तीसचीही एकच पट्टी आहे माझ्याकडे. ती घेतलीत तर एक स्लॉट मोकळा राहील, पुढे चौसष्टपर्यंत जाता येईल. पण आत्ता एकच रस्ता, काम हळू. जुळ्या घेतल्या तर आत्ता जोरात, पण दोन्ही स्लॉट भरले. पुढे वाढवायचं तर दोन्ही काढा. ठरवा."

दुपारभर गच्चीवर बसून ठरवत होतो. ऊन कोवळं होतं, खाली कुणीतरी कांद्याची रोपं ट्रॉलीत भरत होतं, मला गुंगीच आली. गच्चीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी गज वर आलेत. तेरा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यासाठी ठेवले. त्यांच्यावर शरिफा चादरी वाळत घालते. माझी सगळी कामं अशीच आहेत. पुढे लागेल म्हणून काहीतरी मोकळं सोडायचं. मोटारसायकल घेतली ती पुढे मुलं होतील म्हणून लांब सीटची. मुलं झाली नाहीत, सीट अजून लांबच आहे.

अब्बा जिना चढून आले, कठड्याला हात लावत. मी विचारलं, "अब्बा, घर बांधताना हे गज ठेवू नको असं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं हुतं. तू म्हनालास, फुडं कामाला येतील."

"आले का?"

"चादरी वाळत्यात की."

जुळ्या घ्यायच्या. आत्ता जोरात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पट्ट्या आणल्या. मशीन उघडून जमिनीवर आडवं केलं. अब्बा शेजारी मांडी घालून बसले. "दे हिकडं एक."

मी दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली, अंगठा कडेवरून फिरवला. मधली खाच नखाला लागताच हसले. मग डाव्या हातानं आतला स्लॉट चाचपला, पट्टी उभी धरली आणि दाबली. दोन्ही टोकांना 'टक्' वाजलं. सगळा वेळ मान वर, डोळे छताकडे. गवंड्याचा हात! पन्नास वर्षं विटा लावलेला माणूस खाली बघत नाही. दुसरीही त्यांनीच बसवली.

शरिफा दारात उभी होती, हाताला पीठ. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्ण झालं.

फजरच्या नमाजाच्या वेळी जाग आली. मशीनचा पंखा एका लयीत चालला होता. पडदा उजळला आणि काळ्याभोर पोकळीत शेवरगाव तरंगत होतं. सुरुवातीला गाव म्हणजे नुसते ठिपके असतात, लाखो. कवडशातल्या धुळीसारखे. माउस हलवला की ठिपके सरकतात, एकमेकांच्या आड जातात, आणि अचानक एका कोनातून ती भिंत होते. जरा पुढे गेलं की भिंत विरते, पुन्हा चांदणं. मी चावडीच्या जोत्यावरून आत शिरलो, मशिदीच्या ओसरीतून बाहेर आलो, एका घरातून पाठच्या घरात भिंतीतून आरपार गेलो. हात कुठे संपतो आणि माउस कुठे सुरू होतो तेच कळेना. बाहेर धुकं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. वाटलं, पारनेर बुडालंय आणि शेवरगाव वर आहे.

मग ठिपक्यांवर पृष्ठभाग चढला. चिखलाच्या रंगाची घरं, छपरं नसलेली, गुडघ्याएवढ्या भिंती.

३० नोव्हेंबर, रविवार

अब्बांना आज दाखवलं. खुर्ची पडद्याच्या जवळ घेतली, म्हटलं नळीत मावेल तेवढं तरी स्पष्ट दिसावं. मी माउस धरला.

"हे बघा, वेशीतून आत आलो. ही चावडी."

"व्हय," अब्बा म्हणाले. "म्होरं लिंब. त्याच्या बुडाशी पार."

लिंब मॉडेलमध्ये नाही. बुंधा कधीच कुजला असणार. पण म्हातारा माणूस, आठवणीच्या भरात बोलतो. मी पुढे गेलो. ते सांगत राहिले, हा भीमाबाईचा निळा दरवाजा, ही कोनाड्यातली पणती, हा आमचा ओटा. चिखलात निळं काही नव्हतं. मी डावीकडे वळलो तरी ते उजवीकडचं सांगत होते. मला जरा वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला, निदान लक्ष देऊन बघावं. पण चेहरा असा उजळला होता की मी तसाच पुढे फिरवत राहिलो.

"लई झ्याक झालंय," म्हणाले. "उद्या परत दाव."

सोमवारी दाखवलं. मंगळवारीही.

३ डिसेंबर, बुधवार

हे कसं लिहू.

सकाळी अब्बा खुर्चीत बसले, मी मॉडेल उघडलं, आणि स्टुडिओत गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेलो. पासपोर्ट फोटो काढले, कापले, पंधरा-वीस मिनिटं गेली. परत आलो तो दारातच थांबलो.

पडदा काळा होता. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो. मशीनचा पंखा चालू होता, म्हणून खोलीत तसाच आवाज होता. आणि अब्बा त्या काळ्या काचेकडे तोंड करून बसले होते, उजव्या हाताचं बोट हवेत, हळूहळू वळवत, मी शेजारीच बसलोय अशा समजुतीनं माझ्याशी बोलत होते.

"हितनं वळलं का आडाची चाकी ऐकू येती. बघ. जरा थांब, लई पळवतूस तू."

मी दाराची चौकट धरली. गेल्या कित्येक आठवड्यांतलं एकेक समोर येऊन उभं राहायला लागलं आणि प्रत्येकाला मी किती सोपं कारण दिलं होतं ते दिसायला लागलं.

पाय न वाजवता जाऊन बसलो. माउसला हात लावला नाही. आवाज सरळ ठेवून म्हटलं, "थांबलो. आता कुठं जाऊ?"

"आता सरळ," अब्बा म्हणाले.

४ डिसेंबर, गुरुवार

शरिफाला विचारलं. तिला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोरगं माझ्यासाठी काहीतरी बांधतंय. मधेच हातातलं काम काढून घेऊ नको."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

संध्याकाळी अब्बांजवळ बसलो. म्हटलं, "अब्बा, पडद्यावर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "उजेड कळतो. खिडकी कुठं हाय ते कळतं."

"मग रोज बसत का होता?"

"तू बोलत हुतास की माझ्याशी." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "वरसात एवढं बोलला न्हाईस. आन् शेवरगावचं बोलायला दुसरं कोन हाय हितं? नग बंद करू."

मी चिडायला हवं होतं, स्वतःवर किंवा त्यांच्यावर. झालं भलतंच, दोघांनाही हसू आलं. शरिफा आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

आज रात्रीपासून राहात्याचा अल्बम हातात घेतला. बत्तीस जीबीवर पानं कशी सुळसुळ उलटतात! पार्टीला फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, आधीच सांगायचं होतं, भाई.

१४ डिसेंबर, रविवार

आज भीमाबाई आल्या, त्या निळ्या दरवाजाच्या. धरणग्रस्तांच्या नव्या वस्तीत राहतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गोरक्षनं गाडीवरून आणलं. गाव दिसतंय म्हटल्यावर नवं लुगडं नेसून आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या, पदर सावरला आणि पडद्याकडे टक लावली. डोळे त्यांचे ठणठणीत, सुईत दोरा ओवतात.

मी त्यांना वेशीतून आत नेलं. गल्लीतून फिरवलं. त्या बघत राहिल्या आणि चेहरा उतरत गेला.

"ह्ये न्हाई आमचं गाव," म्हणाल्या. "ह्यो तर नुसता चिखल. कुनाचं तरी दुसरंच हाय."

मी म्हटलं, "आजी, शेवरगावच आहे. ही बघा चावडी."

"कशाची चावडी? उकिरडा हाय त्यो." त्या उठायला लागल्या. एवढ्या लांबून आलेल्या बाईचा असा हिरमोड झालेला बघून मी माउसवरचा हात काढला.

अब्बा भिंतीकडेच्या खाटेवर होते. तिथूनच म्हणाले, "भीमाबाय, बसा. घाई करू नगा. परवेझ, त्यास्नी चावडीच्या म्होरं हुभं कर. तोंड मारुतीकडं."

मी केलं.

"आता डाव्या हाताला गनपत सुताराचा वासा आडवा पडलेला असंल. जाताना त्यानं तेवढाच ठिवला हुता, लई जड म्हनून."

गाळात एक लांब उंचवटा होता. मी तो आजवर दगड समजत होतो. भीमाबाई पुन्हा बसल्या. "व्हय की," म्हणाल्या. "गनपतचा वासा."

"त्याला वलांडा. चार पावलं. उजव्या हाताला आड. आडाचा काठ फुटल्याला हाय एका अंगाला, तुमची कळशी आपटून."

"माझी न्हाई, वैनींची!" भीमाबाई एकदम पुढे झुकल्या. "पोरा, फिरीव जरा. हां, थांब. ह्यो बोळ. ह्या बोळातनं आमी शेळ्या न्यायचो. आरं, ह्यो आमचा बोळ!"

पुढे माझी गरज उरली नाही. अब्बा सांगत होते, भीमाबाई बघत होत्या, आणि मधेच उलटंही होत होतं, कारण अब्बा जिथे अडायचे तिथे त्या बघून सांगायच्या. गुडघ्याएवढ्या भिंती वर चढायला लागल्या. मला खरंच तसं दिसलं. बोळात सावली पडली, कुणाच्या तरी चुलीचा धूर आला, त्या धुरातून दोघं पुढे चालले होते आणि मी मागून, माउस धरून.

भीमाबाईंच्या दारापाशी आलो. मॉडेलमध्ये तिथे दोन पायऱ्या आहेत.

अब्बा म्हणाले, "तीन पायऱ्या. माझं पयलं काम. तिसरी वाकडी बसली म्हनून बानं माझ्या पाठीत थापी घातली हुती."

"दोनच दिसत्यात, नूरभाऊ."

"खालची गाळात आसंल. हाय ती. आसनारच."

"हाय तर!" त्या म्हणाल्या. "तिच्यावरच बसून आईनं माझी येनी घातली हुती, लग्नाच्या दिवशी. वाकडीच हुती. बसलं का घसराय व्हायचं."

मी म्हटलं, "कुठे होती ते दाखवा, मी बांधतो. फोटोत नसली तरी बांधता येते."

भीमाबाई खुर्चीवरून उठल्या. अब्बांना हाताला धरून खाटेवरून उठवलं, पडद्यापाशी आणलं आणि त्यांचं बोट काचेवर टेकवलं, दुसऱ्या पायरीच्या जरा खाली, चिखलावर.

"हितं ना, नूरभाऊ?"

अब्बांनी बोट काचेवर थोडं सरकवलं. डावीकडे, मग एक कणभर तिरकं.

"हितं," ते म्हणाले. "आता बराबर वाकडी हाय."